डेबसम्स: काही महिने वापरल्यानंतर

घरच्या डेबियनवर (ही एक लिनक्स सिस्टिम) आणि ऑफिसच्या एका जुन्या सर्व्हरवर गेले काही महिने डेबसम्स हा छोटा प्रोग्राम वापरतेय. पॅकेजमधून, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यात येतं त्यातून, आलेली फाइल अजून जशीच्या तशी आहे का, हे तो एमडीफाइव्ह चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) काढून तपासतो. मूळ चेकसम पॅकेजसोबतच येऊन 'डीपीकेजी'च्या, म्हणजे डेबियनवर पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामच्या, इन्फो फोल्डरमध्ये बसलेले असतात, त्यामुळे इंटरनेट लागत नाही.

नुसता चालवला तर हजारो ओळी 'ओके, ओके' करत पळतात आणि डोळ्यांना काही लागत नाही. 'सुडो डेबसम्स -सी' द्या, म्हणजे फक्त बिघडलेल्या फाइल्स येतात. काहीच छापलं नाही, तर सगळं जागेवर आहे.

माझा खरा विश्वास बसला तो घरची हार्डडिस्क मरायला टेकली तेव्हा. डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कवरून डेटा काढणाऱ्या प्रोग्रामने नवीन डिस्कवर कॉपी घेतली, थोडे सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) वाचलेच गेले नाहीत. मशीन सुरू झालं, फाइलसिस्टिमच्या तपासणीतही काही निघालं नाही. निघणार कसं? ती तपासणी फाइलसिस्टिमची मांडणी बघते, फाइलच्या आत काय आहे ते नाही. डेबसम्सने मात्र दोन-तीन लायब्ररींची नावं समोर ठेवली. 'डीपीकेजी -एस'ने (एस कॅपिटल) त्या कुठल्या पॅकेजच्या ते शोधलं, 'एपीटी' या पॅकेज उतरवून बसवणाऱ्या कमांडने रीइन्स्टॉल केलं, काम झालं. स्वतःचे फोटो आणि कागदपत्रं यात येत नाहीत, त्यांना बॅकअपच हवा.

ऑफिसात उपयोग वेगळा. सर्व्हर आधी सांभाळणारे सोडून गेलेले, लिहून ठेवलेलं काही नाही. '-सी' एरवी कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइल्स सोडून देतो. '-सीई' दिल्यावर क्रॉनटॅब (ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांची यादी), अपाचे या वेब सर्व्हरची मुख्य फाइल, जिथे जिथे कुणी हात लावला होता ती यादी मिळाली. हे मला सोन्यासारखं वाटलं. पण दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरची कॉन्फिग त्यात दिसत नाही, कारण ती पॅकेजमधून थेट येत नाही, इन्स्टॉल होताना 'यूसीएफ' या कॉन्फिग फाइल्स सांभाळणाऱ्या प्रोग्राममार्फत तयार होते. ती हाताने बघा.

घुसखोर पकडायला मात्र याच्यावर विसंबू नका. रूट, म्हणजे मशीनवरचा सर्वाधिकार, ज्याच्या हातात गेला तो चेकसमची यादीही बदलू शकतो, कारण ती त्याच डिस्कवर आहे. बाहेरून आणून टाकलेली नवी फाइल याला दिसतच नाही. आणि २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीला आलेल्या 'एक्सझेड' या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणासारख्या प्रकरणात तर चोरदरवाजा पॅकेजमध्येच होता. तिथे डेबसम्स शांतपणे 'ओके' म्हणेल. त्या कामासाठी 'एड' (एआयडीई, फाइल्समधले बदल पकडणारा प्रोग्राम) बसवा आणि त्याचा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर ठेवा.

फाइलची परवानगी किंवा मालक बदलला तरी हा गप्प राहतो, हे मला खटकतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर 'आरपीएम -व्ही' (व्ही कॅपिटल) ही तिथली पॅकेज तपासणारी कमांड दोन्ही सांगते. डेबियनवर ही सोय यायलाच हवी.