६ इंची डॉब दुर्बीण : १४ महिने गच्चीवर वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, ही माझी दुसरी दुर्बीण. पहिली एका मॉलमधून उचलली होती, ६० मिमीची, डब्यावर शनीचा झकास रंगीत फोटो आणि खाली ठळक अक्षरात '६७५ पट'. ६० मिमीच्या भिंगातून धड १२० पटच्या वर काही दिसत नाही हे नंतर कळलं, आणि तेवढंही नाही दिसलं कारण ट्रायपॉड असा की फोकसच्या चाकाला बोट लावलं की चंद्र थुईथुई नाचायचा. सहा महिन्यांत माळ्यावर गेली.

त्यामुळे या वेळी ठरवलं, मोटर नको, अ‍ॅप नको, आरसा मोठा पाहिजे. १५० मिमीचा आरसा, १२०० मिमी फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर), सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळ्याला लावायची भिंगं), १२०० ला त्यांनी भागायचं, म्हणजे ४८ पट आणि १२० पट. पस्तीस हजाराच्या आसपास पडली. ब्रँड लिहीत नाही कारण या मापाच्या डॉब एकमेकींपेक्षा फार वेगळ्या नसतात, स्टिकर बदलतो.

डॉब म्हणजे काय तर नळकांडं आणि त्याला लाकडी खोका, बास. तोफेसारखी दिसते. हाताने ढकलायची, वर-खाली, गोल. जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने ही रचना लोकप्रिय केली, तो सॅन फ्रान्सिस्कोला वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होता आणि जुन्या काचा घासून आरसे करून रस्त्यावरच्या लोकांना ग्रह दाखवायचा. हे वाचलं तेव्हाच माझं निम्मं ठरलं होतं खरं तर.

डिलिव्हरीची गंमत वेगळीच. खोक्यावर बाण वर, आणि खोकं आलं उलटं. उघडून पहिल्या रात्री गुरू लावला (तेव्हा तो रोहिणीजवळ होता) तर लिंबाच्या फोडीसारखं काहीतरी पसरट. बायको म्हणाली हीपण माळ्यावर का? आरसे हलले होते. एखादा ठळक तारा मुद्दाम आउट ऑफ फोकस करायचा, मेदूवड्यासारखं कडं दिसतं, भोक मधोमध नसेल तर आरसा वाकडा. मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवत बसलो, एक जण नळकांड्याच्या मागे आणि एक आयपीसवर, 'डावीकडे, अरे तुझ्या नाही माझ्या डावीकडे' असं करत रात्रीचे बारा. पण मग गुरू लावला आणि दोन पट्टे आणि चारही मोठे चंद्र एका ओळीत, सुईच्या टोकासारखे. १६१० साली गॅलिलिओने हेच चंद्र बघितले आणि त्याच्याकडची दुर्बीण माझ्या मॉलवालीपेक्षाही लहान होती, हे आठवून जरा लाजच वाटली.

आता ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी इथेच थांबा, ही दुर्बीण त्यासाठी नाही. मोटर नसल्यामुळे १२० पटला ग्रह दीडेक मिनिटात या कडेपासून त्या कडेला जातो आणि गायब, परत ढकला. सुरुवातीला वैताग आला. मग एकदा नुसता हात काढून बघत बसलो आणि डोक्यात आलं की हा गुरू नाही पळत, आपली गच्ची फिरतेय, टाकी, वाळत घातलेले कपडे सगळ्यासकट. तेव्हापासून मोटरचं नाव काढलं नाही.

रंगांचीही अपेक्षा ठेवू नका. मृगातला तेजोमेघ (बाणाच्या खालचा धुरकट ठिपका) फोटोत गुलाबी असतो, इथे राखाडी दिसतो, कारण अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. पण त्या राखाडीत मधोमध चार तारे चिकटून बसलेले दिसतात ते एकदा बघाच. पुण्यातून देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या शेजारची आकाशगंगा) म्हणजे काचेवरचा बोटाचा डाग. तीच आम्ही अमावस्येला दुर्बीण नाणेघाटाच्या बाजूला नेऊन बघितली तर नजरेत मावेना, २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. दुर्बीण अल्टोच्या मागच्या सीटवर आडवी, मुलगा पुढे बायकोच्या मांडीवर, त्याचे हाल विचारू नका. जाताना नारायणगावजवळ खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणी दिसतात, ४५ मीटरच्या ३० तबकड्या, त्यांना ढगांचं काही नाही. जूनपासून मला त्यांचा फार हेवा वाटतो.

कारण पावसाळा. चार महिने दुर्बीण म्हणजे कोपऱ्यातलं फर्निचर, वर रेनकोट वाळत. आरशाला बुरशी लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून आत टाकल्या, आरसा वाचला. पण तळाचा खोका पार्टिकल बोर्डचा आहे, कडेला पाणी लागलं आणि फुगला, आता फिरवताना एका जागी अडकतो. या किमतीत प्लाय द्यायला काय हरकत होती? शिवाय फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण) अगदीच भिकार, मान मोडते, मी लाल ठिपक्यावाला वेगळा घेतला.

बाकी सोसायटी. कोजागिरीची रात्र, मसाला दूध, सगळे गच्चीवर. पौर्णिमेचा चंद्र खरं म्हणजे सगळ्यात वाईट, सावल्याच नसतात, दुधाच्या सायीसारखा सपाट. विवरं बघायची तर अष्टमी-नवमीला या, असं ओरडून सांगितलं, ऐकतंय कोण. एका मुलाने विचारलं चांद्रयान कुठंय. म्हटलं दक्षिणेच्या त्या कडेला उतरलंय, पण आपल्या दुर्बिणीला तिथलं दीड किलोमीटरपेक्षा लहान काही दिसत नाही आणि विक्रम लँडर आहे दोनेक मीटरचा. 'मग घेतली कशाला?' मी दूध प्यायलो.

शनी चंद्राच्या शेजारीच होता. २०२५ मध्ये त्याच्या कड्या आपल्याकडे धार करून होत्या, मार्चमध्ये तर अगदी कडेवर, त्यामुळे टाचणी खुपसलेल्या मण्यासारखा दिसत होता, डब्यावरचा फोटो विसरा. तळमजल्यावरच्या काकू मात्र पुढेच येईनात. 'नको रे, देवळातसुद्धा मी त्याच्या समोर उभी राहत नाही, बाजूनेच बघते.' म्हटलं काकू, या दुर्बिणीत बाजूनेच बघायचं असतं, डोळा लावायची जागा नळकांड्याच्या कुशीत आहे, तोंड शनीकडे नाहीच. त्यांनी एकदा दुर्बिणीकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, पदर सावरला आणि वाकल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'सरकला.' मी ढकलून परत आणला. असं तीनदा.

घ्यायची असेल तर घ्या, पण दोन गोष्टी. बघायच्या आधी अर्धा तास बाहेर ठेवा, आरसा गार व्हायला लागतो, नाहीतर ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. आणि सूर्याकडे पुढे लावायच्या सौर फिल्टरशिवाय चुकूनही वळवू नका, घरात मुलं असतील तर दिवसा झाकण लावून ठेवा.

पाचपैकी चार स्टार, एक त्या फुगलेल्या खोक्याचा कापला. गच्चीची किल्ली सेक्रेटरींनी आता माझ्याकडेच दिलीय, त्यामुळे रात्री टाकी भरली का तेपण मीच बघतो.