फोल्डस्कोप : शाळेत न्यायच्या आधी

फोल्डस्कोप हा घड्या घालून तयार होणारा कागदी सूक्ष्मदर्शक. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवला. २०१४ च्या त्यांच्या शोधनिबंधात सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवून दाखवला होता. विकत मिळणाऱ्या संचाची किंमत मात्र त्याहून बरीच जास्त असते, तेव्हा डॉलरच्या हिशोबावर शाळेला शब्द देऊन बसू नका. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यासाठी शाळा-महाविद्यालयांना अनुदानंही दिली. शाळेत जाऊन विज्ञान दाखवू पाहणाऱ्या संशोधकासाठी हे उपकरण कितपत कामाचं आहे, तेवढंच इथे बघू.

उपकरणाचा जीव आहे त्याच्या भिंगात: साधारण २.४ मिलिमीटर व्यासाची बोरोसिलिकेट काचेची गोळी. ती वस्तू १४० पट मोठी दाखवते आणि २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा करते. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची पर्णरंध्रं, जास्वंदीचे काटेरी परागकण, डबक्यातला पॅरामेशियम हा एकपेशीय जीव हे सगळं झकास दिसतं. रक्तपेशी ठिपक्यांसारख्या दिसतात. दह्यातले जिवाणू दाखवतो असं मात्र मुलांना सांगू नका, फजिती होईल. चित्र मधोमध स्वच्छ आणि कडेला धूसर दिसतं. तो गोल भिंगाचा स्वभावच आहे, त्यासाठी संच परत पाठवायची गरज नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक याच गोळीमुळे होते. नमुना भिंगापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असावा लागतो आणि काचेची स्लाइड असते सुमारे १ मिलिमीटर जाड. स्लाइड उलटी सरकवली की नमुना काचेच्या पलीकडे जातो, मग कितीही ओढाताण केली तरी फोकस मिळत नाही. नमुन्याची बाजू भिंगाकडे, एवढं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कागदी स्लाइड आणि पारदर्शक चिकटपट्टी वापरली तर हा प्रश्न बराच कमी होतो. पण ओल्यावर चिकटपट्टी धरत नाही, म्हणून थेंब लहान घ्यावा आणि कडेचं पाणी टिपकागदाने शोषून मगच पट्टी दाबावी. केंद्रकं उठून दिसायला कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचं पातळ द्रावण टाकावं. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिकट केलं तरी भागतं.

बघायची रीतही शिकवावी लागते. भिंग पापणीला टेकेल इतकं डोळ्याजवळ आणायचं, तोंड उजेडाकडे करायचं आणि दोन्ही अंगठ्यांनी फोकसची पट्टी हळूहळू सरकवायची. सूर्याकडे रोखून बघायचं नाही, हे सगळ्यात आधी सांगा. उजेड खिडकीतल्या आभाळाचा घ्या. जवळचा किंवा लांबचा चष्मा असेल तर काढून बघता येतं, फोकस सांभाळून घेतो. डोळ्यांतलं काजळ आणि पापण्यांचा तेलकटपणा भिंगाला लागून चित्र दुधट होतं. ओलसर मऊ कापडाने पुसलं की झालं.

एका तासात घड्याही आणि निरीक्षणही हा बेत हमखास फसतो. साठ मुलांच्या वर्गात घड्या घालण्यातच पस्तीस मिनिटांचा तास संपतो आणि शेवटच्या बाकावरच्यांना काही दिसायच्या आत घंटा होते. पहिल्या तासाला जोडीने एक याप्रमाणे तीस संच जोडून घ्यावेत, निरीक्षण दुसऱ्या दिवशी ठेवावं. वेळ नाही म्हणून घरून जोडून आणण्याचा मोह टाळा. स्वतः जोडलेलं बिघडलं तर मुलं स्वतःच दुरुस्त करतात, आणि या उपकरणाचं खरं मोल तिथेच आहे. निरीक्षणाच्या वेळी परागकणांच्या स्लाइडवर डोक्याचा एक केस चिकटवून 'परागकण केसाच्या किती पट?' एवढाच प्रश्न द्या. अंदाजाने का होईना, मोजमाप सुरू होतं.

फोल्डस्कोप मोबाइलला चुंबकाच्या कडीने जोडता येतो, पण एकाहून जास्त कॅमेरे असलेल्या फोनवर झूम १ वर ठेवून मुख्य कॅमेराच निवडावा, नाहीतर फोन मध्येच दुसऱ्या भिंगावर उडी मारतो. मोबाइल शेवटी काढावा हे बरं. आधी काढला की तीस संच बाकावर पडून राहतात आणि सगळा वर्ग एका पडद्याभोवती गोळा होतो.

शाळेतला जुना पितळी सूक्ष्मदर्शक चालू असेल तर पेशीच्या धड्याला तोच सरस; स्थिर असतो आणि शिक्षकाला बोट दाखवून सांगता येतं. फोल्डस्कोप घ्यायचा तो मुलांच्या हाती घरी द्यायला. म्हणून भेटी दोन धरा, मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या, आणि संच कपाटात कुलूपबंद होणार नाहीत असं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या. मधल्या काळात 'सर, हे काय आहे?' म्हणून फोटो येतील. काळ्या जाड कडेची गुळगुळीत वर्तुळं असतील तर ते हवेचे बुडबुडे. बाकीच्यांसाठी थोडं डोकं खाजवावं लागेल.