अकरावीचं ऑनलाइन अॅडमिशन - साडेतीन स्टार

भाचीचा फॉर्म भरायला मीच बसलेलो म्हणून लिहितोय. 2025 पासून हे अख्ख्या राज्याला लागू झालंय, आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढंच होतं. कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 10 कॉलेजं टाकायची, मग मार्क, आरक्षण आणि पसंतीक्रम बघून कॉम्प्युटरच सीट देतो. कोणाच्या हातापाया पडायला नको, कटऑफ सगळ्यांना दिसतो, हे मला जाम आवडलं. (मॅनेजमेंट कोटा आणि इनहाऊस, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांचा कोटा, कॉलेजच भरतं, तिथे काय चालतं ते सगळ्यांना माहितीय!)

पण एक नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या रेग्युलर राऊंडमधून बाहेर, आणि कितीतरी पालक पहिलं नाव नुसतं भारी वाटतं म्हणून टाकतात, मुलगी रोज दोन बस बदलून कशी जाणार हे त्या सिस्टिमला कळत नाही हो, ते आपणच बघायचं. गावाकडे तर जास्तच, एसटीचं टायमिंग बघूनच यादी लावा. मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा आणि सायबर कॅफेवाल्याला पसंतीक्रम ठरवू देऊ नका प्लीज.