१९४३ की १९६१? गोव्यातल्या काळप्रवासाला कुठलं युद्ध?

मुलांच्या कादंबरीत आजच्या वास्कोच्या पोरीला युद्धकाळात धाडायचं, तर १९६१ सोपं. १८ डिसेंबरला सैन्य शिरलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरणागती. माघार घेताना पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा पूल उडवला. दोन मैत्रिणी दोन काठांवर अडकवता येतील. पण शेवट गोव्यातल्या प्रत्येक पोराला पाठ!

माझं मत १९४३ ला. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून जर्मन जहाजं दुसरं महायुद्ध सुरू झाल्यापासून मुरगाव बंदरात अडकलेली. ९ मार्चला पहाटेच्या अंधारात ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या ब्रिटिश पलटणीचे हौशी शिपाई, बरेचसे मध्यमवयीन (हे वाचून मुलं खिदळणार), त्यातल्या ‘एहरेनफेल्स’वर चढले. खलाशांनीच जहाज पेटवून बुडवलं. जहाजावर भाजी पोचवणाऱ्या पोराशी तिची गट्टी जमली, तर आज रात्री जाऊ नकोस हे त्याला पटवायचं कसं?