किडनी घ्यायची की थांबायचं? आकडा दाखवणारं सॉफ्टवेअर आणि पर्याय दाखवणारं सॉफ्टवेअर

सोलापुरातल्या तुमच्या रुग्णालयात प्रत्यारोपणाच्या निर्णयाला मदत करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरत असेल, तर आधी एक गैरसमज काढून टाका. अवयव कोणाला मिळणार हे ते ठरवणार नाही. मेंदूमृत दात्याच्या अवयवांचं वाटप पुण्याची झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती, प्रतीक्षा यादीनुसार करते. सोलापूर तिच्याच कक्षेत येतं. तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टपुढे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांपुढे, प्रश्न उरतो तो एवढाच : रात्री दोनला को-ऑर्डिनेटरचा फोन आलाय, ही किडनी आपल्या पेशंटसाठी घ्यायची का?

पहिल्या प्रकारचं सॉफ्टवेअर दात्याची माहिती घेऊन एक आकडा देतं. अमेरिकेतला केडीपीआय, म्हणजे दात्याच्या किडनीचा निर्देशांक, हा त्यातला सर्वात परिचित. चटकन मिळतो, फुकट मिळतो. पण '८५ टक्के' वाचून नवख्या रेसिडेंटला किडनी उत्तम वाटते, दुसऱ्याला ती ८५ टक्के निकामी होणार असं वाटतं. दोघेही चुकले. अर्थ असा की तिकडच्या मृत दात्यांपैकी ८५ टक्क्यांच्या किडन्यांपेक्षा ही लवकर बंद पडण्याची शक्यता जास्त. तुलना तिकडच्या दात्यांशी आहे, हे स्क्रीनवर कुठेच दिसत नसेल तर तो डिझाइनचाच दोष.

दुसरी अडचण मला जास्त खुपते. हा आकडा दात्याच्या रक्तातलं शेवटचं क्रिएटिनिन धरतो; किडनीचं काम मंदावलं की ते वाढतं. समजा दोन दाते आहेत, दोघांचं १.८. एकाचं २.६ वरून उतरत आलंय, दुसऱ्याचं ०.९ वरून चढत चाललंय. डॉक्टर त्या दोन रिपोर्टांकडे एका नजरेनं कधीच पाहणार नाही. आकडा मात्र पाहतो.

दुसऱ्या प्रकारात स्क्रीनचे दोन भाग असतात : आत्ता घेतली तर काय, नाकारून डायलिसिसवर थांबलं तर काय. डॉक्टरांच्या डोक्यातला खरा प्रश्न हाच. चाळिशीतला, जिवंत दाता तयार असलेला पेशंट आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) वारंवार बंद पडणारा साठीचा पेशंट, यांना एकाच किडनीबद्दल वेगळं उत्तर मिळायला हवं. इथे ते मिळू शकतं.

मात्र 'थांबलं तर' हा भाग कुठल्या पेशंटांच्या माहितीवर बेतलाय, हे कंपनीला खोदून विचारा. परदेशातली प्रतीक्षा आणि आपल्याकडची प्रतीक्षा यांचा मेळ बसत नाही. शिवाय माहिती भरायला वेळ लागतो. एखादा रिपोर्ट आला नसेल तर सॉफ्टवेअरनं गुपचूप सरासरी धरू नये, 'माहिती नाही' असं ठसठशीत दाखवावं आणि अंदाजाचा पट्टा रुंद करावा.

यकृताचं थोडं वेगळं. मेल्ड स्कोअर पेशंट किती गंभीर आहे हे सांगतो, अवयव कसा आहे हे नाही. त्या मर्यादित कामाला एक आकडा पुरतो.

वर्षाकाठी मोजक्याच ऑफर येत असतील तर मोफत आकडा आणि सीनिअरला फोन, एवढ्यावर भागेल. पैसे मोजणारच असाल तर माझं मत दुसऱ्या प्रकाराला, एका अटीवर : डॉक्टरांनी आपला कौल आधी नोंदवावा, मगच अंदाज उघडावा. आधी अंदाज दिसला की मत त्याच्याकडेच झुकतं. आणि डेमो कॉन्फरन्स रूममधल्या प्रोजेक्टरवर घेऊ नका. ड्यूटीवरच्या रेसिडेंटच्या मोबाइलवर, आयसीयूबाहेर, जिथे रेंज जेमतेम येते तिथे घ्या.