आठवड्याला एक दुपार की सलग आठ दिवस? मैदानी नेतृत्वाचा कोर्स आखताना

छोट्या विद्यापीठात हा कोर्स, म्हणजे डोंगरात गट सांभाळून न्यायला शिकवणारा विषय, सुरू करायचा म्हटलं की हाताशी असतात बारा-एक विद्यार्थी, एक पूर्णवेळ शिक्षक, एखादा मानधनावरचा सहायक आणि सामानाची खोली. खरेदीची यादी आधी निघते, पण कोर्स ठरतो वेळापत्रकावर. दर आठवड्याला चार तासांचं प्रात्यक्षिक ठेवायचं, की सलग आठ दिवसांची मोहीम काढायची?

आधी तासांचा हिशेब. 14 आठवडे, दर वेळी 4 तास, म्हणजे कागदावर 56 तास. जाण्यायेण्यात दीड तास आणि सामान वाटून, मोजून परत घेण्यात अर्धा तास जातो. हातात उरतात 28. पावसापाण्याने दोन दुपारी बुडाल्या तर 24. मोहिमेचा पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासातच संपतात, तरी मधल्या सहा दिवसांचे रोजचे दहा तास धरले तर 60 होतात. शिवाय स्वयंपाक, तंबू आणि भांडणं या तासांच्या बाहेर.

तरीही हाताची कौशल्यं शिकवायला साप्ताहिक पद्धतच सरस. आठाची गाठ, क्लोव्ह हिच (दोर खांबाला बांधायची गाठ), बिले देणं (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं), होकायंत्राने दिशा घेणं या गोष्टी मधल्या सहा दिवसांत थोड्या विसरल्या जातात आणि पुन्हा करताना पक्क्या बसतात. दर वेळी पहिली वीस मिनिटं फक्त उजळणीला द्या. मोहिमेत पहिल्या संध्याकाळी शिकवलेली गाठ सहाव्या दिवशी थकलेल्या, गारठलेल्या हातांनी चुकते, आणि तेव्हा सावकाश शिकवायला वेळ नसतो.

नेतृत्वाचं मात्र उलट आहे. तीन-चार तासांत निर्णयाचा परिणाम दिसायलाच वेळ मिळत नाही. समजा आजच्या लीडरने 12 किलोमीटर अंतर आणि 600 मीटर चढ असा टप्पा आखला. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या 1892 सालच्या नियमाने (5 किलोमीटरला एक तास, 600 मीटर चढाला आणखी एक) उत्तर येतं 3 तास 24 मिनिटं. पाठीवर भरलेली सॅक असलेल्या नवख्या गटासाठी याची दीडपट, म्हणजे पाच तास धरावेत. त्यात थांबे धरायचे राहिले, एका चुलीवरची भांडी धुवायची राहिल्याने निघायला उशीर झाला, वर पुढच्यांनी चाल वाढवली. मागच्या दोघांच्या टाचांना फोड, मुक्कामी पोचेपर्यंत अंधार, आणि उपाशी गट लीडरकडे बघतोय. साप्ताहिक वर्गात हीच चाल वाढली असती तर सगळे बसमध्ये बसून घरी गेले असते आणि लीडरला वाटलं असतं, छान जमलं.

म्हणून मोहिमेत ‘आजचा लीडर’ पूर्ण दिवसाचा असावा. बारा जणांच्या सहा जोड्या केल्या तर सहा दिवसांत प्रत्येक जोडीला एकच पाळी येते. जास्त पाळ्या मिळाव्यात म्हणून दिवसाचे दोन भाग करायचा मोह होतो. तो टाळा, कारण मग सकाळच्या लीडरची चूक दुपारचा लीडर निस्तरतो. चर्चा त्याच संध्याकाळी, जेवणानंतर, अर्ध्या तासात उरका. आधी लीडर बोलेल, मग गट, शेवटी शिक्षक. शिक्षक आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

मोठ्या मोहिमांची परंपरा जुनी आहे. 1941 मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे सुरू झालेल्या आउटवर्ड बाउंड या साहस-प्रशिक्षण संस्थेचे सुरुवातीचे कोर्स महिन्याच्या आसपास चालत. पण तिथे मनुष्यबळ होतं. छोट्या विभागात तेच कमी पडतं. मोहिमेवर दोन शिक्षक असले आणि एकाला जखमी विद्यार्थ्याबरोबर खाली उतरावं लागलं, तर दुसरा अकरा जणांबरोबर एकटा उरतो. तिसरा जबाबदार माणूस हवाच, मग तो आधीच्या तुकडीतला अनुभवी विद्यार्थी का असेना. प्रथमोपचाराचं गणितही बदलतं. रस्त्याजवळच्या दुपारच्या प्रात्यक्षिकाला वाइल्डरनेस फर्स्ट एडचा (दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा) साधारण 16 तासांचा कोर्स चालून जातो. मदत पोचायला कित्येक तास लागतील अशा ठिकाणी किमान एक जण 70 ते 80 तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा वरचा कोर्स केलेला हवा.

सामानात साप्ताहिक पद्धत स्वस्त पडते. सहा हार्नेस (दोराला अडकवायचे कमरेचे पट्टे) बारा जणांत आळीपाळीने फिरतात. मोहिमेला प्रत्येकाची झोपण्याची पिशवी, सॅक, रेनकोट आणि तंबूतली जागा लागते. पहिल्या वर्षी हे भाड्याने घ्या. दोरी आणि हार्नेसवरची निर्मितीची तारीख मात्र नोंदवहीत लिहा. न वापरलेलं कापडी सामानही बहुतेक उत्पादक साधारण दहा वर्षांनंतर बाद करायला सांगतात. कोरडा शिधा माणशी रोज 750 ग्रॅम धरला तर पंधरा माणसांचा आठ दिवसांचा होतो 90 किलो. हा आकडा निघण्याच्या आदल्या रात्री समोर आला की रडकुंडीला यायची वेळ येते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे 0.5 अंश सेल्सिअस असल्याने थंड पहाटे साधा ब्युटेनचा गॅस डबा मंद जळतो. दुपारच्या वर्गात हे कधी कळतच नाही. आणि पोट बिघडलं तर पाण्याच्या आधी हातांवर संशय घ्या. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं ही त्या दिवसाच्या लीडरची जबाबदारी ठेवा.

मोहिमेची खरी अडचण म्हणजे नोकरी करणारे किंवा घरी कुणाला सांभाळणारे विद्यार्थी गळतात. तारखा नावनोंदणीच्या आधी जाहीर करा, सुट्टी लागल्या लागल्या निघा, बरीच गळती थांबेल. उरलेल्यांसाठी पर्याय नसेल, तर हा विषय सक्तीचा करू नका.

तेव्हा ओळख करून देणारा कोर्स असेल तर साप्ताहिकच घ्या. कोर्सच्या नावात ‘नेतृत्व’ असेल तर सलग मुक्काम हवा, तोही चार रात्रींहून कमी नको, कारण पहिले दोन दिवस सगळे एकमेकांशी सौजन्यानेच वागतात. बहुतेक छोट्या विभागांना सहा साप्ताहिक प्रात्यक्षिकं आणि त्यानंतर पाच दिवसांची मोहीम ही जोडी पेलते. प्रात्यक्षिकांत गाठी आणि नकाशाची परीक्षा घ्या, नापास झालेल्याला मोहिमेवर नेऊ नका. आणि प्रशिक्षित माणूस एकच असेल, तर यंदा मोहीम काढूच नका. तो पैसा दुसऱ्याच्या प्रशिक्षणावर घाला.