४० नॅनोमीटर चांदीचे कण, सायट्रेट लेपाचे : बाटलीत शहाणे, विहिरीच्या पाण्यात नाही

नदी-विहिरीच्या पाण्यात नॅनोकण कसे वागतात हे तपासायचं तर बहुतेकदा आधी हीच बाटली मागवली जाते : लिटरला २० मिलिग्रॅम चांदी, सोबत २ मिलिमोलर सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार; कणांवर लेप म्हणून बसतो). मालाबद्दल तक्रार नाही. रंग स्वच्छ पिवळा, प्रकाश शोषणाचं शिखर ४१० नॅनोमीटरच्या आसपास, एकच आणि अरुंद. ४ अंशांवर अंधारात ठेवली तर महिनोन्महिने टिकते. गोठवू मात्र नका. एकदा चिकटलेले कण हलवून सुटत नाहीत.

खरी परीक्षा पुढे. सायट्रेट कणांना निव्वळ ऋणभाराच्या जोरावर लांब ठेवतं आणि कॅल्शियम साधारण २ मिलिमोलरला पोचलं की तो जोर संपतो. हार्डनेसच्या, म्हणजे पाण्याच्या जडपणाच्या भाषेत हे लिटरला २०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेट धरून). दख्खनच्या बेसाल्टातल्या अनेक विहिरी सहज तिथवर जातात. मग क्युव्हेटमध्ये (प्रकाश मोजायच्या पारदर्शक कुपीत) पिवळा रंग बघता बघता राखाडी पडतो, शिखर खाली बसतं, ६०० नॅनोमीटरपुढे शेपूट उठते. नुसत्या मिठाला याच कामासाठी ४५-५० मिलिमोलर लागतं. ह्यूमिक आम्ल (कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात येणारं) असलं तर ते कणांवर बसून त्यांना सांभाळतं. पण कॅल्शियम जास्त असलं की तेच ह्यूमिक पूल बांधून गुठळ्या वाढवतं. सोबतच्या पत्रकात यातलं अवाक्षर नाही.

वापरताना पाणी ०.२ मायक्रॉनमधून आधी गाळा, कण नंतर घाला. ९.५ मिलीत ०.५ मिली टाकलं की लिटरला १ मिलिग्रॅम होतं. गाळणं टाळलं तर डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीचा) आकडा धुळीचाच येतो, कारण विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. पण गाळलेल्या पाण्यात चिकणमातीही उरत नाही, आणि खऱ्या नदीत कणांना तळाला नेते ती तीच. एकटा ४० नॅनोमीटरचा कण दिवसाला १ मिलिमीटरही बुडत नाही. म्हणून एक नमुना न गाळता, ढवळत ठेवाच.

विरघळलेली चांदी वेगळी मोजा : ३ किलोडाल्टनच्या (कण अडवून विरघळलेलं तेवढंच सोडणाऱ्या) सेंट्रिफ्यूज फिल्टरमधून काढा आणि नायट्रिकने आम्ल करा. हायड्रोक्लोरिक घातलंत तर सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो, आकडा कमी येतो.

पाणी जड असेल तर थोडे जास्त पैसे मोजून पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे पॉलिमर) लेपाचे कण घ्या. ते कॅल्शियम दुपटीहून थोडं जास्तच सोसतात. मऊ पाण्यासाठी हीच बाटली, पण लहान आकाराची.